ग्लोव्ह बॉक्समागचा रंग

गाडीचा डॅशबोर्ड उघडायचा तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवायची, असं कुठलंही पुस्तक सांगेल. ट्रॉम्बेच्या बाजूला एका गॅरेजमध्ये मी पाहिलं, तिथे आधी गणपती निघाला. बोटभर उंचीची पितळी मूर्ती, खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. मिस्त्रींनी तिला हात लावला नाही. मालकाला म्हणाले, "काका, बाप्पाला तुम्हीच उचला. मग मी पाना लावतो." काकांनी नखाने टेप सोडवली, मूर्ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मूर्तीच्या जागी रुपयाएवढा गोल उरला. बाकीचा पत्रा जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला होता आणि तो गोल मात्र सायीच्या रंगाचा होता. "बघा, हा तुमचा खरा रंग," मी म्हटलं. मिस्त्री हसले. "हा दुसरा रंग आहे. पहिला अजून आत आहे."

गाडी होती 1978 सालची प्रीमियर पद्मिनी. काम होतं आतून रंग देण्याचं. या कामाचं नाव जरी रंगकाम असलं तरी त्यातला रंग मारण्याचा भाग जेमतेम एका दुपारचा असतो. बाकीचे दिवस जातात ते उतरवण्यात, खरवडण्यात, सुकवण्यात आणि परत बसवण्यात. ट्रॉम्बेसारख्या खाडीकाठच्या जागी तर खरवडण्यात जास्तच.

घोडा गेला, फळी राहिली

डॅशबोर्ड हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोडागाडीत हाकणाऱ्याच्या पायांपुढे एक उभी फळी किंवा चामड्याची ढाल असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल तिच्यावर आदळावा, माणसांच्या अंगावर येऊ नये, एवढंच तिचं काम. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांना अशीच ढाल असायची. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि हळूहळू त्या रस्त्यावरून गेल्या. पण त्याच्या कितीतरी आधी ती फळी मोटारीत शिरली होती. घोड्याच्या जागी इंजिन आलं, चिखल समोरून यायचा थांबला, तरी फळी राहिली. इंजिनाची धग अडवायला ती उपयोगी होती. मग तिच्यावर तेलाचा दाब दाखवणारा काटा आला, वेग दाखवणारा आला, दिव्यांची बटणं आली, सामान ठेवायचा कप्पा आला. चिखल अडवणाऱ्या फळीची गाडीची पाटी झाली.

बराच काळ ही पाटी पत्र्याची होती. दार, छत, बॉनेट ज्या पत्र्याचं, त्याच पत्र्याचा डॅशबोर्ड. रंगही बहुतेकदा तोच, बाहेरचा. गाडीचं बाहेर आणि आत असे दोन वेगळे विभाग तेव्हा नव्हते. निळी गाडी आतूनही निळी असायची. नंतर मऊ गादीचे डॅशबोर्ड आले, कारण अपघातात कपाळ पत्र्यावर आपटलं तर काय होतं हे डॉक्टरांना आणि इंजिनियरांना कळून चुकलं होतं. मग संपूर्ण प्लास्टिक आलं. आज शोरूममधून निघणाऱ्या गाडीच्या आत उघडा रंगवलेला पत्रा शोधावा लागतो. दाराच्या चौकटीत थोडासा दिसतो, तेवढाच.

मुंबईच्या रस्त्यावर पत्र्याच्या पाटीची गाडी सगळ्यात जास्त दिवस टिकली ती पद्मिनीच्या रूपात. आणि ती घडली ट्रॉम्बेहून हाकेच्या अंतरावर, कुर्ल्याला.

कुर्ल्याची लेक

वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन डॉज, प्लिमथ निघाल्या, मग इटलीच्या फियाटशी जोड जमली. 1954 मध्ये फियाट 1100 आली, 1964 मध्ये तिची डिलाइट आवृत्ती. फियाटचं नाव गेल्यावर ती काही काळ प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून चितोडच्या राणीवरून पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचं, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे एक सलग बाकासारखी सीट. सत्तर-ऐंशीच्या दशकांत नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायची लोकांची तयारी होती, कारण पर्याय म्हणजे ॲम्बेसेडर. कारखान्यात दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली कामगारांचे लढेही गाजले. 2000 च्या सुमाराला उत्पादन थांबलं. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत.

टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य 20 वर्षांचं धरलेलं आहे, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्या दिवशी शहराने तिला निरोप दिला, फोटो काढले. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या सासऱ्यांची, कुणी हौसेने विकत घेतलेली. या गाड्या पुन्हा उभ्या करणारे हात शहराच्या पूर्व बाजूला, कुर्ला-चेंबूर-मानखुर्दच्या गल्ल्यांत अजून सापडतात.

टॅक्सीवाल्यांनी आतून गाडी सजवण्याची कला तर वेगळ्याच थराला नेली होती. छताला फुलाफुलांचं रेक्झिन, आरशाला झालर, देवाच्या फोटोभोवती लुकलुकणारे दिवे. 2015 मध्ये संकेत अवलानी यांनी टॅक्सी फॅब्रिक नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात तरुण चित्रकारांनी टॅक्सीच्या सीटा आणि छतासाठी खास कापडं रेखाटली. पण कापड चढवणं सोपं. पत्रा रंगवायचा तर त्यावरचं सगळं उतरवल्याशिवाय सुटका नाही.

खाडीचा वारा पत्र्याला काय करतो

ट्रॉम्बेच्या, म्हणजे जुन्या तुर्भ्याच्या, पूर्वेला ठाण्याची खाडी. कोळीवाडा, जेटी, तिवरांची खाजणं. पाठीमागे डोंगर, त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र. माहुलच्या बाजूला दोन तेलशुद्धीकरण कारखाने, तिकडेच खताचा कारखाना आणि टाटांचं वीजकेंद्र. या भागात पत्र्याला दोन शत्रू एकदम भेटतात. एक खारट वारा, दुसरा इंधन जळून हवेत जाणारा गंधकाचा वायू.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो. मीठ स्वतः गंज करत नाही, पण दोन कामं करतं. हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणजे कोरड्या दिवशीही पत्र्यावर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा राहतो. शिवाय त्या पाण्यातून विजेचे कण सहज वाहतात आणि गंज ही मुळात विजेचीच क्रिया आहे. पत्र्याचा एक ठिपका झिजतो, शेजारचा शाबूत राहतो, दोघांमध्ये सूक्ष्म प्रवाह चालू राहतो. गंधकाचा वायू ओलाव्यात विरघळला की आम्ल तयार होतं आणि हे सगळं आणखी वेगाने घडतं.

गंजाची दुसरी खोड म्हणजे तो फुगतो. ज्या लोखंडापासून तो बनला त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून रंगाखाली गंज लागला की रंगावर आधी फोड येतो. फोड दिसतो तेव्हा खालचं काम बरंच पुढे गेलेलं असतं. फोडावर नवा रंग मारणं म्हणजे ओल्या भिंतीवर कॅलेंडर लावणं.

पद्मिनीत गंजाची ठरलेली जागा म्हणजे समोरच्या काचेच्या रबराखालचा पत्रा. रबर वर्षांनी कडक होतं, भेगाळतं. पावसाचं पाणी त्याच्या मागे झिरपतं, डॅशबोर्डच्या वरच्या कडेला साचतं आणि तिथून थेंबाथेंबाने वायरिंगवर उतरतं. पावसाळ्यात मध्येच वायपर बंद पडतो किंवा इंडिकेटर उगाच लुकलुकतो त्याचं कारण कधीकधी हेच. आतून रंगकाम काढायचं ठरलं की चांगला मिस्त्री आधी काचेच्या कडेने बोट फिरवून बघतो. काच उतरवावी लागणार असेल तर तेव्हाच सांगतो. वाईट मिस्त्री ते सांगत नाही, आणि पुढच्या जुलैत नव्या रंगावर फोड येतो. माझ्या एका नातेवाइकाच्या गाडीचं असंच झालं. आठ महिन्यांत डॅशबोर्डचा डावा कोपरा पोपडे धरून उभा राहिला.

कोळ्यांना हे सगळं शिकवावं लागत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर येतात, खरवडल्या जातात, भेगा भरतात, मग रंग. नारळी पौर्णिमेला रंगवलेली होडी सगळे बघतात. त्याआधीचे ते खरवडण्याचे दिवस कुणी बघत नाही. मिस्त्री मला म्हणाले, "रंगाला लोक पैसे देतात, घासण्याला देत नाहीत. म्हणून घासण्याचे पैसे रंगात धरायला लागतात."

अंड्यांचा ट्रे

आता प्रत्यक्ष उतरवणं. पद्मिनीसारख्या गाडीत डॅशबोर्डचा मुख्य पत्रा हा सांगाड्याचाच भाग असतो. त्यामुळे 'डॅशबोर्ड काढला' असं म्हटलं तरी प्रत्यक्षात डॅशबोर्डवरचं सगळं काढलेलं असतं. प्लास्टिकच्या आजच्या गाडीत उलट. तिथे अख्खा डॅशबोर्ड एक तुकडा म्हणून बाहेर येतो, मागचा पोलादी दांडा आणि एसीची डक्टं मागे राहतात. पत्र्याच्या गाडीत पाटी पुसायची, प्लास्टिकच्या गाडीत पाटीच उचलायची.

बॅटरी सुटली. पुढची सीट निघाली, कारण आडवं पडून वर बघत काम करायचं असतं आणि सीटची कड नेमकी बरगडीत घुसते. मग मिस्त्रींनी अंड्यांचा रिकामा ट्रे घेतला, तीस खळग्यांचा, आणि सीटच्या जागी फरशीवर ठेवला. डावीकडून पहिला खळगा म्हणजे पहिला सुटलेला स्क्रू. जो भाग शेवटी निघाला तो आधी बसणार, म्हणून बसवताना ट्रे उजवीकडून रिकामा करायचा. एक खळगा मध्येच भरलेला राहिला तर काहीतरी चुकलं. मोबाइलवर फोटोही काढले जातात हल्ली. पण फोटोत स्क्रूची लांबी कळत नाही. स्पीडोमीटरचा छोटा स्क्रू आणि ग्लोव्ह बॉक्सचा लांब स्क्रू एकाच दोऱ्याचे असले तरी अदलाबदल झाली की लांब स्क्रू मागच्या वायरीला भोसकतो. मग फ्यूज उडतो आणि रंगाऱ्याने घातलेला घोळ वायरमनला शोधावा लागतो.

पुढचा क्रम साधारण असा. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण आणि आतली पेटी. ॲशट्रे. रेडिओ किंवा त्याच्या जागी बसवलेला टेप. मग बटणं. काही जुन्या गाड्यांत बटणाच्या मुठीला खालून टाचणीएवढं भोक असतं, त्यातून बारीक पिन दाबली की मूठ सुटते. ते भोक माहीत नसलेला माणूस पक्कड लावतो आणि मूठ फोडतो. या मुठी आता सहज मिळत नाहीत. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या दुकानांत एकेका मुठीसाठी फिरावं लागतं.

मग स्पीडोमीटर. तो नुसता ओढून निघत नाही, कारण त्याच्या पाठीला गिअरबॉक्सकडून आलेली केबल जोडलेली असते. बाहेरून काळी नळी, आत गोल फिरणारी पोलादी तार. चाक फिरतं तशी तार फिरते, तार स्पीडोमीटरमधल्या चुंबकाला फिरवते, चुंबक शेजारच्या ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतो आणि वाटीवरचा काटा सरकतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना चिकटलेले नसतात. नुसत्या फिरण्याने वाटीत वीज उपजते आणि तिच्या ओढीने काटा हलतो. ही केबल सोडवायला मागे हात घालून रेघारेघांची कडी बोटांनी फिरवावी लागते. मिस्त्रींचा हात तिथे मावेना. त्यांनी त्यांच्या हाताखालच्या सडपातळ मुलाला हाक मारली. त्याने डोळे मिटले, मनगट वळवलं, आणि सात-आठ सेकंदांत कडी सुटली. डोळे का मिटले विचारल्यावर म्हणाला, "दिसत नाहीच काही. उघडे ठेवले तर उगाच बघत बसतो."

शेवटी वायरींचा गुच्छा. प्रत्येक टोकाला मास्किंग टेपची चिठ्ठी. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या वायरीचं प्लास्टिक बिस्किटासारखं कडक झालेलं असतं, वाकवलं की तडकतं. म्हणून डॅशबोर्ड उघडला की वायरिंगचा निर्णयही तेव्हाच घ्यावा लागतो. पाटी रंगवून झाल्यावर पुन्हा उघडायची म्हणजे नवा रंग खरचटवायचा.

ग्लोव्ह बॉक्सच्या मागे चार आण्याचं एक नाणं सापडलं. जून 2011 नंतर ते चलनातून गेलं, म्हणजे त्याच्या आधीच कधीतरी घरंगळलं असणार. आणि तिथेच, पेटीने झाकलेल्या पत्र्यावर, मिस्त्री म्हणत होते तो पहिला रंग होता. फिका पिस्ता. काकांनी वाकून बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना गाडी सायीच्या रंगाचीच आठवत होती. वडिलांनी ती मध्येच कधीतरी रंगवून घेतली असणार. मग त्यांना आठवलं की बहिणीच्या लग्नाच्या फोटोत गाडी होती, पण तो फोटो कृष्णधवल होता.

कापसाचा रंग

रंग का उडतो? रंगात दोन गोष्टी असतात. रंग देणारी पूड आणि ती धरून ठेवणारं चिकट द्रव्य. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्या द्रव्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. पृष्ठभाग खडूसारखा होतो, पिवळा पडतो. काचेतून उन्हाचा बराच भाग आत येतो आणि डॅशबोर्ड तर दिवसभर आकाशाकडे तोंड करून पडलेला. बंद पेटीमागे ऊन पोचत नाही, म्हणून रंग जुळवायला तिथला नमुना सगळ्यात विश्वासाचा. रंगाच्या दुकानात कोड नंबर मिळतो, पण जुन्या गाडीत नंबरापेक्षा डोळा बरा.

त्या काळच्या गाड्यांच्या रंगाला आपल्याकडे रंगारी अजून ड्यूको म्हणतात. मूळ हे ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीच्या रंगाचं नाव. 1924 च्या ओकलंड गाड्या त्यात रंगवून बाजारात आल्या आणि मोटारधंद्याचा वेग बदलला. आधी व्हार्निशचे थर सुकायला आठवडे लागत, हा रंग तासांत सुकू लागला. त्याचं मुख्य द्रव्य नायट्रोसेल्युलोज. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ते बनतं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या काळात सिनेमाची फिल्मही याच द्रव्याची असे. म्हणून फिल्मही भडकून पेटे आणि हा रंगही. गॅरेजच्या त्या कोपऱ्यात विडी चालत नाही ती यासाठी.

ड्यूको सुकतो तो फक्त थिनर उडून गेल्यामुळे. पुन्हा थिनर लागला की तो विरघळतो. म्हणून त्याची दुरुस्ती सोपी आणि आयुष्य कमी. आता बहुतेक ठिकाणी दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग वापरतात. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक गाठी पडत जातात, सुकल्यावर थिनरलाही तो दाद देत नाही. हार्डनरमधलं आयसोसायनेट मात्र धोक्याचं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दम्याचा विकार जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की नंतर थोड्याशा वासानेही झटका येतो. गाडीच्या आत डोकं घालून फवारा मारणाऱ्यासाठी तर ही बंद पेटीच. तोंडाला रुमाल बांधणं पुरत नाही. कोळशाच्या फिल्टरचा मास्क, घट्ट बसणारा, आणि दारं उघडी ठेवून पंखा बाहेरच्या दिशेने, एवढं तरी हवंच. घासतानाही जपायचं. जुन्या पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाची पूड असायची. घरगुती रंगांत शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आली ती नोव्हेंबर 2017 पासून. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या रंगाला असली मर्यादा कुठली? म्हणून कोरडं न घासता पाण्याने घासायचं, धूळ हवेत उडत नाही.

कामाचा क्रम ऐकायला साधा आहे. गंज लागलेल्या जागी पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडणं. फॉस्फोरिक आम्ल असलेलं रस्ट रिमूव्हर, जे उरलेल्या गंजाचं फॉस्फेटच्या टणक थरात रूपांतर करतं. मग प्रायमर. खड्डे असतील तिथे पुट्टी, पातळ थरात. मग पाणी लावून पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक, बारीक. हात सपाट फिरवायचा असेल तर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा, बोटांनी धरला तर बोटांचे खळगे पत्र्यावर उमटतात. मग फवाऱ्याची गन. एका वितीच्या अंतरावरून, हात सतत चालता ठेवून, पातळ पातळ थर.

मुंबईत या सगळ्यावर राज्य करते ती हवा. थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड होतो, जसा स्पिरिट लावल्यावर हात गार पडतो. हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर दव पडतं आणि ड्यूकोवर पांढरट झाक येते. रंगकामाचा जगभरचा नियम आहे की पत्र्याचं तापमान दव पडण्याच्या तापमानापेक्षा किमान 3 अंश जास्त हवं. ट्रॉम्बेत हा नियम जुलैत पाळायचा तर काम बंदच ठेवावं लागेल. म्हणून जाणता मिस्त्री गाडी उघडतो ती दिवाळीनंतर, आणि गन हातात घेतो ती सकाळी दहाच्या पुढे, दव वाळल्यावर.

प्लास्टिकचा वेगळा हट्ट

आजच्या गाडीचा डॅशबोर्ड रंगवणाऱ्यांची संख्याही कमी नाही. काळा कंटाळवाणा वाटतो, बेज हवा असतो. तिथे पत्र्याची सगळी विद्या उपयोगी पडत नाही. पुष्कळ डॅशबोर्ड पॉलिप्रॉपिलिनचे असतात. हे प्लास्टिक तेलकट पानासारखं वागतं, रंग त्यावर पसरतो पण धरत नाही. आधी चिकटपणा वाढवणारं खास प्रायमर लागतं, नाहीतर नखाने पापुद्रा निघतो. दुसरा शत्रू मालकाने स्वतः पोसलेला असतो. दर रविवारी चोळलेलं चकचकीत डॅशबोर्ड पॉलिश. त्यातलं सिलिकॉन प्लास्टिकच्या खरखरीत पृष्ठभागात बसून राहतं आणि रंग मारला की ठिकठिकाणी माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. साबणाने ते जात नाही, खास क्लीनरने अनेकदा पुसावं लागतं.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे हात लावूच नये. जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि 2021 च्या अखेरपर्यंत शेजारच्या सीटसाठीही. डाव्या बाजूची एअरबॅग डॅशबोर्डखाली घडी घालून बसलेली असते आणि वरचं प्लास्टिक ठरलेल्या रेषेवर फाटावं अशा हिशेबाने आतून कोरलेलं असतं. त्यावर पुट्टी आणि रंगाचे थर चढले तर ते वेगळ्याच जागी फाटेल किंवा सुकलेल्या रंगाचे तुकडे तोंडावर येतील. एअरबॅगच्या जोडण्या पिवळ्या रंगाच्या असतात, त्या ओळखायला शिका आणि बॅटरी सोडवून कंपनीने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नका. हे काम घरी सुट्टीच्या दिवशी करण्याचं नाही.

डॅशबोर्डच्या वरच्या भागाला चकचकीत रंग नको हे मात्र पत्रा आणि प्लास्टिक दोन्हींना लागू. उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि पूर्वेला तोंड करून सकाळी गाडी चालवताना रस्ता धुरकट दिसतो. म्हणून वर मॅट, खाली पाहिजे तर चमक.

कागदावरचा रंग

गाडीच्या आरसी बुकात रंगाची नोंद असते ती बाहेरच्या. बाहेरचा रंग बदलला तर आरटीओला कळवून नोंद बदलून घ्यायची असते. आतून काय रंगवायचं ते मालकाच्या मर्जीवर. पद्मिनीत मात्र बाहेर आणि आत एकच असल्यामुळे काकांपुढे प्रश्न उभा राहिला. आत मूळचा पिस्ता द्यायचा तर बाहेरची साय तशीच ठेवायची का?

त्यात आणखी एक गोष्ट आहे. केंद्र सरकारने 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. 1974 च्या पहिल्या पद्मिनींनी 2024 मध्ये पन्नाशी गाठली. काकांच्या 1978 च्या गाडीला 2028 ची वाट पाहायला हवी. 'मूळ रूप' या दोन शब्दांनी काकांचं पारडं पिस्त्याकडे झुकवलं. आत्ता आत, बाहेरचं पुढच्या दिवाळीनंतर, नोंद बदलून.

तळहाताएवढी जागा

नवव्या दिवशी मी पुन्हा गेलो. बाहेरून साय, आतून पिस्ता, अशी ती गाडी जरा विचित्र दिसत होती, जशी साडीवर न जुळणारा पोलका. ट्रे उजवीकडून रिकामा होत आला होता. स्पीडोमीटर बसला, सडपातळ मुलाने पुन्हा डोळे मिटून कडी आवळली. बटणांच्या मुठी लागल्या. ग्लोव्ह बॉक्सची पेटी तेवढी बाकी होती.

मी टॉर्च मारून आत बघितलं. नवा रंग सगळीकडे सारखा बसला होता, पण पेटीमागे एक तळहाताएवढा चौकोन मास्किंग टेपने आखून कोराच सोडला होता. तिथे 1978 चा पिस्ता तसाच होता. मला वाटलं राहून गेला. मिस्त्रींना विचारलं.

"गंज नव्हता तिथे, म्हणून हात लावला नाही," ते म्हणाले. "आम्ही रंग जुळवला तो याच्यावरून. हाच झाकला तर पुढचा कशावरून जुळवेल?"

त्यांनी पेटी बसवली आणि शेवटच्या खळग्यातले दोन लांब स्क्रू उचलले.